खंडित उपवास

खंडित उपवास : खाण्याचा व न खाण्याचा काळ आलटून पालटून पाळण्याची आहारपद्धती. बोलण्यात ‘इंटरमिटंट फास्टिंग’ हेच नाव रूढ आहे. प्रचलित प्रकार तीन : रोज १६ तास उपाशी राहून उरलेल्या ८ तासांत खाणे (१६:८), आठवड्यातले कोणतेही दोन, पण लागोपाठ नसलेले, दिवस ५००–६०० किलोकॅलरींवर काढणे (५:२), आणि दिवसाआड उपवास. या शेवटच्या प्रकारात उपवासाच्या दिवशी गरजेच्या सु. २५ टक्के ऊर्जा घेतात. उपवासकाळात पाणी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी चालते.

या पद्धतीचे मूळ बहुधा अमेरिकी आहारशास्त्रज्ञ क्लाइव्ह मॅके यांच्या १९३५ च्या प्रयोगात शोधले जाते. तेथे मात्र उंदरांना रोजच कमी ऊर्जा दिली होती. ते उपाशी नव्हते. म्हणून शरीरक्रियाशास्त्रातील संशोधक अँटन कार्लसन व फ्रेडरिक होएलझेल यांचा १९४६ मधील प्रयोग आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांनी उंदरांना दर दोन, तीन किंवा चार दिवसांतून एक दिवस उपाशी ठेवले. तिनातून एक हे प्रमाण सर्वांत हितकर ठरले. आयुर्मान नरांत सु. २० व माद्यांत सु. १५ टक्क्यांनी वाढले. २०१२ मध्ये जीवशास्त्रज्ञ सच्चिदानंद पांडा यांच्या गटाला असे आढळले की, दिवसभर खाणाऱ्या उंदरांएवढेच स्निग्ध अन्न ८ तासांतच मिळालेले उंदीर कमी लठ्ठ झाले. परंतु उंदराचा चयापचय फार वेगवान. त्याचे सोळा तास म्हणजे माणसाचे सोळा तास नव्हेत.

यकृतातील सु. १०० ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) ओसरू लागले की शरीर चरबीकडे वळते व कीटोने (चरबीपासून बनणारी इंधनद्रव्ये) वाढतात. शेवटच्या जेवणानंतर १२ ते ३६ तासांत केव्हातरी हे घडते. आधीचे जेवण व हालचाल यांवर वेळ ठरते. पेशींच्या ‘आत्मभक्षणा’चा (ऑटोफॅजी; पेशीने स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा वापरणे) दाखला हटकून दिला जातो. त्यासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते यीस्टवरील कामाबद्दल. सोळावा तास भरताच माणसात ही सफाई सुरू होते, हे मोजून सिद्ध झालेले नाही.

लाभ घड्याळाचा की कमी खाण्याचा, हा खरा वाद. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३९ लठ्ठ व्यक्तींवरील वर्षभराच्या चिनी चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच मर्यादित कॅलरी होत्या. सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खाणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किग्रॅ., तर इतरांचे ६.३ किग्रॅ. घटले, हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. उलट २०१८ मधील एका प्रयोगात दुपारी ३ पूर्वी जेवण संपवणाऱ्या पुरुषांचे वजन स्थिर असूनही रक्तदाब व इन्शुलिन-संवेदनशीलता (इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद) सुधारली. मात्र ते केवळ आठ जण होते. एकंदर पुरावा कॅलरींकडे झुकतो. कॅलरी मोजण्यापेक्षा घड्याळ पाहणे कित्येकांना सोपे जाते, हा फायदा मात्र खरा.

पहिल्या आठवड्यात डोकेदुखी, चिडचिड व बद्धकोष्ठ होऊ शकतात. इन्शुलिन उतरल्यावर मूत्रपिंडे जास्त सोडियम बाहेर टाकतात. म्हणून उठताना चक्कर येऊ शकते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास ती वाढते. प्रथिने व स्नायूंचा व्यायाम कमी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. कीटोने वाढल्याने यूरिक आम्लाचे उत्सर्जन अडते व संधिवाताचा (गाऊट) झटका येऊ शकतो. सुरुवात १२ तासांपासून करून दर आठवड्याला एखादा तास वाढवणे बरे.

सर्वांत मोठा धोका मधुमेहाच्या औषधांचा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया औषधे नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर ७० मिग्रॅ./डेलि.खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसताच १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. उपवास तेथेच सोडावा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांत साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोआम्लता (कीटोने साठून रक्त आम्लधर्मी होणे) होऊ शकते. उलट्या, पोटदुखी व धाप लागणे ही तिची लक्षणे. मात्रा डॉक्टरांनीच आधी बदलायला हवी. गर्भवती, स्तन्यदा माता, १८ वर्षांखालील मुले, कमी वजनाच्या व्यक्ती आणि खाण्याचा विकार असलेले वा होऊन गेलेले यांनी हा मार्ग टाळावा.

दीर्घकालीन चाचण्या मोजक्याच आहेत. ८ तासांपेक्षा कमी वेळात खाणाऱ्यांत हृद्‌रोगाने मृत्यू अधिक, असा २०२४ मध्ये एका अमेरिकी परिषदेत मांडलेला निष्कर्ष गाजला. तो लोकांनी दोन दिवसांच्या आठवणीवरून सांगितलेल्या आहारावर बेतलेला होता व त्यातून कार्यकारणभाव ठरत नाही.