मतदान केंद्र नेमकं कोणाच्या ताब्यात असतं? आत कोणाला सोडतात, पोलिंग एजंट कसं व्हायचं, कागदपत्रं काय लागतात

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, तीन वेळा निवडणूक ड्युटी केलीय, त्यातल्या एका वेळी केंद्राध्यक्ष, म्हणजे त्या मतदान केंद्राचा प्रमुख, होतो. त्या दिवशी दरवाजात उभं राहून किती जणांशी वाद झाला त्याची मोजदाद नाही. "मी पक्षाचा तालुकाध्यक्ष आहे", "मी साहेबांचा पीए आहे", "मी नगरसेवक होतो मागच्या टर्मला", आणि सगळ्यांना मनापासून वाटत असतं की आपल्याला आत जायचा हक्क आहे. आणि खरोखर ज्यांना हक्क असतो, म्हणजे ज्याच्या नावावर दुसराच कोणी मत टाकून गेलाय असा मतदार, तो मात्र मान खाली घालून परत जातो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की निवडणूक आयोग एक नाही, दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, त्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 324 मधून येतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका ह्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याची कलमं 243 के आणि 243 झेडए, जी 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने आली. राज्य निवडणूक आयुक्तांना राज्यपाल नेमतात, पण एकदा नेमल्यावर त्यांना काढायचं असेल तर हायकोर्टाच्या न्यायाधीशाला काढायची जी पद्धत आणि जी कारणं लागतात तीच लागतात, मुख्यमंत्र्यांच्या मनात आलं म्हणून काढता येत नाही. राज्य आयोग हा दिल्लीच्या आयोगाचा हाताखालचा विभाग नाही, स्वतंत्र आहे, त्यामुळे विधानसभेची तक्रार राज्य आयोगाकडे आणि नगरपालिकेची तक्रार दिल्लीच्या आयोगाकडे पाठवली तर ती नुसती फिरत राहते आणि तेवढ्यात मतदान होऊन जातं.

गोंधळ होतो तो माणसांमुळे, कारण दोन्हीकडे राबणारी माणसं बहुतेक तीच असतात. कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही शिक्षक. आयोगाकडे स्वतःची एवढी फौज नसतेच. लोकसभा-विधानसभेला राज्यासाठी एक मुख्य निवडणूक अधिकारी असतो, तो राज्य सरकारचाच अधिकारी, पण नेमतो आयोग. त्याच्याखाली कलेक्टर म्हणजे जिल्हा निवडणूक अधिकारी, मग मतदारसंघाचा निवडणूक निर्णय अधिकारी, आपण ज्याला आरओ म्हणतो तो, आणि बूथवर केंद्राध्यक्ष. पगार राज्य सरकार देतं, पण अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत ही सगळी मंडळी कायद्याने आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं धरलं जातं, म्हणजे शिस्त आणि हुकूम आयोगाचा. ड्युटीवरचा पोलीससुद्धा त्यात आला. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मधलं कलम 28 अ वाचा, स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे "पालकमंत्र्यांना फोन लावू का" ह्याला त्या दिवसात काही अर्थ नसतो.

आता नावाचं. आत जायचं असेल तर आधी यादीत नाव पाहिजे, आणि वोटर आयडी खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे असं अजिबात नाही. दर निवडणुकीला निदान पंधरा-वीस माणसं कार्ड हातात घेऊन रडकुंडीला आलेली मी बघितलीत. मतदार यादी भारत निवडणूक आयोगाची असते. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागात, गणात, वॉर्डात फोडतो. म्हणून महापालिकेची निवडणूक लागली आणि मग कोणी म्हणालं की माझं नाव घाला, तर तिथे ते होत नाही. प्रारूप प्रभागयादी लागते तेव्हा हरकत घेता येते, पण ती कशावर, तर चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव किंवा विधानसभेच्या यादीत असून इकडे सुटलेलं नाव. नवीन नाव घालायचा रस्ता एकच, नमुना 6.

नमुना 6 साठी भारताचा नागरिक पाहिजे, 18 वर्षं पूर्ण पाहिजेत आणि त्या पत्त्यावर खरंच राहत असला पाहिजे. आता वर्षातून चार अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला 18 पूर्ण आहेत का ते बघतात त्या तारखा, असतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, त्यामुळे पोरीचा वाढदिवस मार्चमध्ये असेल तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायची गरज नाही. पासपोर्ट साइज फोटो, वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट, पॅन, आधार, लायसन किंवा पासपोर्ट यापैकी एक, आणि पत्त्यासाठी लाइट-पाणी-गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, आधार, रजिस्टर केलेला भाडेकरार असं काहीतरी. बिल आई-वडील, नवरा-बायको किंवा सज्ञान मुला-मुलीच्या नावावर असलं तरी चालतं, फक्त त्यांचं नाव त्याच पत्त्यावर मतदार म्हणून आधीपासून असलं पाहिजे. अर्ज ऑनलाइन मतदार सेवा पोर्टलवर होतो, नाहीतर तुमच्या बीएलओकडे (तुमच्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी), नाहीतर तहसीलच्या निवडणूक शाखेत. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची, या सगळ्याला नमुना 8. नाव वगळायचं किंवा कोणाच्या नावावर हरकत घ्यायची तर नमुना 7. परदेशात आहात, पासपोर्ट भारतीयच आहे आणि तिकडचं नागरिकत्व घेतलेलं नाही, तर नमुना 6 अ, फक्त मतदानाला मात्र इथे यावं लागतं आणि ओळखीला मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

एक गोष्ट घरच्या घरी लिहून ठेवा, उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख संपली की त्या निवडणुकीपुरता यादीला हात लावता येत नाही, आणि अर्ज आल्यावर हरकतीसाठी सात दिवस जातात, म्हणजे त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला पाहिजे. अर्ज नाकारला तर अपील आहे, पहिलं कलेक्टरकडे 15 दिवसांत, दुसरं मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत. पोचपावतीचा नंबर जपून ठेवा, त्याच्याशिवाय अपिलात काय दाखवणार.

बूथवर जाताना वोटर आयडी नसेल तरी अडत नाही. आधार, पॅन, लायसन, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, सरकारी किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीचं फोटो असलेलं नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, अशी बारा कागदपत्रं लोकसभा-विधानसभेला चालतात. घरी येते ती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही, 2019 पासून नाही, ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक कळायला. स्थानिक निवडणुकीला राज्य आयोगाचा आदेश वेगळा निघतो, तो त्या वेळी बघून घ्या.

आता दरवाजा. केंद्राच्या आत कोण येणार हे ठरवायचा अधिकार एकट्या केंद्राध्यक्षाचा, आणि तोही स्वतःच्या मर्जीने नाही तर निवडणूक नियम 1961 मधल्या नियम 49 डी प्रमाणे. मतदार, मतदान अधिकारी, निवडणुकीच्या ड्युटीवरचे सरकारी नोकर, आयोगाने पास दिलेली माणसं (पत्रकार आणि निरीक्षक यातच आले), उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, आणि प्रत्येक उमेदवाराचा एका वेळी एकच पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराच्या वतीने केंद्रात बसून मतदानावर लक्ष ठेवणारा माणूस. शिवाय मतदाराच्या कडेवरचं मूल, आणि अंध किंवा आधाराशिवाय चालता न येणाऱ्या मतदाराबरोबरचा माणूस. मंत्री, आमदार, खासदार हे "ड्युटीवरचे सरकारी नोकर" होत नाहीत, ते स्वतःचं मत टाकायला येऊ शकतात, बाकी नाही. पोलीसही दाराबाहेर, केंद्राध्यक्षाने बोलावलं तरच आत. अंध मतदाराबरोबरचा माणूस 18 वर्षांचा पाहिजे आणि एका दिवसात तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, नुसतं निरक्षर आहे म्हणून सोबती मिळत नाही.

मोबाइलवरून तर दर वेळी भांडणं. 2025 मध्ये आयोगाने केंद्राबाहेर मोबाइल जमा करायची सोय द्यायचं ठरवलं, 100 मीटरच्या आत फोन नेला तर बंद करून, आणि मत टाकायला आत फोन नाही. प्रचार 100 मीटरच्या आत चालत नाही, चिन्हाची टोपी-उपरणंसुद्धा नाही. आत गोंधळ घालणाऱ्याला केंद्राध्यक्ष पोलिसांकरवी बाहेर काढू शकतो, आणि परवानगी नसताना तो पुन्हा घुसला तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, कलम 132.

पोलिंग एजंट व्हायचं असेल तर हे नीट वाचा, कारण पोरं सकाळी साडेपाचला उत्साहाने येतात आणि कागदावरून परत जातात. लोकसभा-विधानसभेला नियुक्ती नमुना 10 मध्ये होते, त्यावर सही फक्त उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची. मी केंद्राध्यक्ष होतो तेव्हा एका अपक्षाचा एजंट आला, विशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, डबा बरोबर आणलेला. आमच्याकडे उमेदवारांच्या सह्यांचे नमुने दिलेले असतात, मी लावून बघितलं तर सही जुळेना. विचारलं तर म्हणाला, "दादा गावोगाव फिरत होते सर, त्यांच्या भावाने केली सही." मला वाईट वाटलं पण बसू देता येत नव्हतं. त्याने धावपळ करून दुसरा फॉर्म आणला तोवर साडेनऊ वाजले, मॉकपोल, म्हणजे मशीन तपासायला आधी घेतलेलं नमुना मतदान, त्याने बघितलंच नाही. आणि त्या फॉर्मवर खाली एजंटचं जे प्रतिज्ञापत्र असतं ते घरी सही करून आणू नका, ती सही केंद्राध्यक्षासमोर करायची असते.

एजंट शक्यतो त्याच केंद्राचा मतदार पाहिजे, नाही मिळाला तर शेजारच्या केंद्राचा, तोही नाही तर त्याच विधानसभा मतदारसंघातला कोणीही मतदार चालतो. वोटर आयडी जवळ ठेवा. सरकारी नोकराला एजंट होता येत नाही, कलम 134 अ, त्यालाही तीन महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकांनी भावासाठीसुद्धा बसायचं नाही. सरकारी सुरक्षा असलेल्या माणसालाही चालत नाही. एका केंद्रावर एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आत एका वेळी एकच. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉकपोल सुरू होतो, निदान 50 मतं टाकून मशीन दाखवतात, मग ती पुसतात, व्हीव्हीपॅटमधल्या (मत कोणाला गेलं ते छापून दाखवणारं यंत्र) चिठ्ठ्या काढतात आणि सील करतात, ते डोळ्यांनी बघायचं आणि नंबर लिहून घ्यायचे. स्थानिक निवडणुकीत एजंटचा नमुना राज्य आयोगाचा असतो, तो तिथल्या आरओच्या ऑफिसातून घ्या, नमुना 10 घेऊन जाऊ नका.

एखादा माणूस तोतया आहे असं एजंटला वाटलं तर आरडाओरडा करायचा नाही, केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. हो, दोनच रुपये. लगेच चौकशी होते, आक्षेप खरा निघाला तर पैसे परत आणि तोतया पोलिसांच्या ताब्यात.

आणि ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते हे. दुपारी अडीचच्या सुमाराला एक आजी आल्या, नऊवारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादी बघितली आणि म्हणाला, "आजी, तुमचं झालंय मतदान." आजींनी काही न बोलता डावं बोट पुढे केलं. शाईचा ठिपका नाही. मागचा माणूस म्हणाला "जा आजी, झालं आता", आणि त्या खरंच वळल्या. मी त्यांना थांबवलं, वडिलांचं नाव, घरात कोण कोण, शेजारी कोण असं विचारलं, ओळख पटली, आणि त्यांना प्रदत्त मतपत्रिका दिली. हे मत मशीनवर होत नाही, कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारून पाकिटात बंद होतं आणि नमुना 17 बी मध्ये मतदाराची सही किंवा अंगठा घेतात. खरं सांगायचं तर हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण पुढे निवडणूक याचिका झाली तर कोर्टासमोर तोच पुरावा असतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर परत जाऊ नका, "मला प्रदत्त मत द्यायचंय, 17 बी भरा" एवढंच म्हणा, तुमची ओळख पटली की केंद्राध्यक्ष नाही म्हणू शकत नाही.

वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत टाकता येतं. केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे देतात, म्हणजे मागून कोणी येऊन चिकटू नये. त्यामुळे सहाला दोन मिनिटं कमी असली तरी रांगेत उभे राहा.

मतदान संपल्यावर एजंट लोक घाईघाईने निघतात, दिवसभर बसून कंटाळलेले असतात हे मला समजतं. पण नमुना 17 सी घेतल्याशिवाय उठू नका. त्यात केंद्रावरचे एकूण मतदार, मशीनमध्ये नोंदलेली मतं, मशीनचे आणि सीलचे नंबर सगळं असतं, आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला त्याची खरी प्रत देणं केंद्राध्यक्षाला बंधनकारक आहे. मतमोजणीच्या दिवशी कंट्रोल युनिटवर, म्हणजे मशीनच्या मतं साठवणाऱ्या भागावर, दिसणारा एकूण आकडा ह्याच कागदाशी लावून बघायचा असतो. तो सकाळी उशिरा आलेला अपक्षाचा मुलगा त्या संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबला, प्रत घेतली, प्रत्येक आकडा मला मोठ्याने वाचायला लावला आणि मगच पोच म्हणून सही केली.