मोलक्का बेटांतील डच प्रशासन

इंडोनेशियाच्या पूर्व भागातील लवंग व जायफळ यांच्या बेटांवर प्रथम डच ईस्ट इंडिया कंपनीने (स्था. १६०२) व १७९९ अखेर तिचे विसर्जन झाल्यावर नेदर्लंड्सच्या शासनाने चालविलेली राज्यव्यवस्था. फेब्रुवारी १६०५ मध्ये कंपनीचा नौसेनानी स्टीव्हन व्हान डर हाखन याने अँबोन येथील पोर्तुगीज किल्ला घेतला. फ्रेडरिक डी हौटमन हा तेथील पहिला गव्हर्नर होय. बटेव्हिया (सध्याचे जाकार्ता) वसेपर्यंत (१६१९) कंपनीच्या आशियातील कारभाराचे मुख्य ठाणे अँबोन असल्याचे सामान्यतः मानतात.

पुढे अँबोन, बांदा व तेरनाते अशी तीन गव्हर्नरांची क्षेत्रे स्थिरावली. तेरनातेत सुलतान गादीवर ठेवून तहांच्या आधारे अंमल चाले. अँबोनमध्ये गावचे राजा, पाती व ओरांग काया हे प्रमुख गव्हर्नरच्या हाताखाली असत. ‘लांडराड’ या न्यायसभेत कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर त्यांनाही जागा होती. बांदाची गोष्ट निराळी. कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून याच्या १६२१ च्या मोहिमेत तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीने दगावले किंवा परागंदा झाले. जायफळाच्या बागांचे ‘पर्क’ (ठरावीक भूखंड) पाडून ते युरोपीय धारकांना दिले गेले व त्यांत गुलामांकडून काम करून घेण्यात आले. मोहिमेपूर्वीची लोकसंख्या सु. १५,००० सांगतात, हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे.

लवंगेवरील नियंत्रणाचे साधन म्हणजे ‘होंगी’, म्हणजेच कोरा-कोरा या लांब वल्ह्यांच्या नौकांचा ताफा. तेरनातेचा सुलतान मंदारशाह याने १६५२ च्या तहात वार्षिक रकमेच्या मोबदल्यात आपल्या मुलखातील लवंगेची झाडे तोडण्यास मान्यता दिली आणि लागवड अँबोन, हारुकू, सापारुआ व नुसालाउत यांपुरती उरली. अन्यत्र झाडे आढळल्यास ती तोडणे हे होंगीचे काम. नौका व वल्हेकरी गावांनी पुरवायचे. ही प्रथा डचांनी निर्माण केली, असे काही लेखक सूचित करतात. तथापि असे ताफे तेरनाते व तिदोरे यांच्या सुलतानांकडे आधीपासून होते आणि पोर्तुगीज लेखकांनी त्यांची वर्णने केली आहेत. त्यामुळे साधन जुने, पण ठरावीक काळाने फिरणारी, झाडे तोडणारी फेरी मात्र डच काळातील, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गव्हर्नर आर्नोल्ड डी व्लामिंग याच्या होआमोआल (सेराम बेटाचा पश्चिमेकडील द्वीपकल्पीय भाग) येथील मोहिमांत (१६५१–५६) तोडीबरोबर वस्त्याही उठविल्या गेल्या. त्यास केवळ व्यापारी दक्षता म्हणणे कठीण आहे. बेटांवरील व्यापारात सुरत व कोरोमंडल किनाऱ्यावरील कापडाला मोठी मागणी असे.

ब्रिटिशांनी ही बेटे दोनदा ताब्यात घेतली (१७९६–१८०३, १८१०–१७). डच परतताच सापारुआत स्थानिक नेता पातिमुरा याचा उठाव झाला. त्याला डिसेंबर १८१७ मध्ये अँबोन येथे फाशी देण्यात आले. गव्हर्नर-जनरल व्हान डर कापेलन याने १८२४ मध्ये होंगी फेऱ्या थांबविल्या, १८६० मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि लवंगेची मक्तेदारी १८६३ अखेर रद्द झाली. जपानने १९४२ मध्ये अँबोन जिंकले. युद्धानंतर परतलेली डच सत्ता १९४९ मधील सत्तांतराने संपली.