रव्याच्या कणाएवढं पीक

मेथीची जुडी निवडली की मुळं आणि देठं बाजूला पडतात. ती आपण गाईला घालतो. चंद्रावरच्या वस्तीत गाय नसेल, आणि तिथे झाडाचा न खाता येणारा प्रत्येक भाग म्हणजे फुकट गेलेलं पाणी, वीज नि खत. अंतराळातलं अन्न म्हणून सुचवल्या जाणाऱ्या वुल्फिया या पाणवनस्पतीचं महत्त्व मला इथे वाटतं, तिच्या गाजलेल्या प्रथिनांपेक्षाही जास्त.

डकवीड या चिमुकल्या पाणवनस्पतींच्या कुळातली ही वुल्फिया जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती. रव्याच्या कणाएवढी, पाण्यावर तरंगणारी. लोक तिला शेवाळ समजतात, पण ती शेवाळ नव्हे. तिला मूळ नाही, खोड नाही, अख्खी खायची. थायलंडमध्ये ती पूर्वापार खाल्ली जाते. तिथल्याच महिडोल विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपीय अंतराळ संस्थेच्या नेदरलँड्समधल्या प्रचंड फिरत्या यंत्रात तिला पृथ्वीच्या २० पट गुरुत्वाकर्षणात वाढवून पाहिलं.

बी, रोप, फूल हा लांबचा रस्ता ती सहसा घेतच नाही. अंगालाच कळी फुटते, कळी सुटते आणि वेगळी वनस्पती होते. भारतात आढळणारी वुल्फिया मायक्रोस्कोपिका ही जात अनुकूल परिस्थितीत साधारण ३० तासांत दुप्पट होते.

आता प्रथिनांचं. सुक्या वजनाच्या २० ते ३० टक्के, हा आकडा सगळीकडे मिरवला जातो. पण ताज्या वुल्फियात सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. म्हणजे १०० ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम एक-दीड ग्रॅम! दिवसाची ६० ग्रॅम भागवायला चार किलोंच्या वर खावी लागेल. वाळवून पीठ केलं तरच गणित जमतं, आणि वाळवायला पुन्हा ऊर्जा हवी.

दुसरी अडचण तरंगण्याचीच. अंतराळ स्थानकात पाण्याला पृष्ठभाग राहत नाही, त्याचे गोळे होतात. मग ओलसर पातळ थरावर ती वाढवावी लागते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश असलं, तरी टाकीतलं पाणी टाकीत राहील. त्यामुळे स्थानकापेक्षा वस्तीतच तिची सोय अधिक.

डकवीड सांडपाण्यातला अमोनिया आणि फॉस्फेट झपाट्याने शोषतं, म्हणून माणसांच्या मूत्रावरही ते वाढवता येईल. पण शोषताना ते निवड करत नाही. कॅडमियमसारखे जड धातूही घेतं. सांडपाणी गाळणारं पीकच ताटात वाढायचं का? माझं मत विचाराल तर टाक्या दोन ठेवाव्यात.