मराठवाड्यातील लघुउद्योग आणि परकीय भांडवल : पार्श्वभूमी

१९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात उद्योग म्हणजे प्रामुख्याने जिनिंग-प्रेसिंग आणि तेलगिरण्या होत्या. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चिकलठाण्यात व पुढे वाळूजमध्ये औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. मात्र मनमाडहून येणारा लोहमार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच (अरुंद रुळांचा) राहिला, म्हणजे ब्रॉडगेजवरून येणारा माल मनमाडला उतरवून पुन्हा चढवावा लागे.

परकीय भांडवल स्थानिक उद्योगाशी थेट जोडले गेल्याचे ठळक उदाहरण जालन्याचे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तेथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये मोन्सॅन्टो या अमेरिकी कंपनीने तिचा २६ टक्के हिस्सा घेतला. संकरित कपाशीचे बियाणे यंत्रावर तयार होत नाही. मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग त्या फुलाला लावावे लागतात. बीजोत्पादक शेतकरी आणि त्यांच्या शेतावरील मजूर, विशेषतः स्त्रिया, यांच्या या कष्टावरच तो व्यवसाय उभा आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला (बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या, जनुक बदललेल्या कपाशीला) मान्यता मिळाल्यावर देशी बियाणे कंपन्यांना मोन्सॅन्टो-महिकोच्या भागीदारीला तंत्रज्ञानाचे शुल्क भरावे लागले, त्यावरून वाद झाले आणि अखेर केंद्र सरकारने २०१६ च्या हंगामापासून बियाण्याच्या किमतीबरोबर या शुल्कावरही मर्यादा घातली. भागीदारीत तंत्रज्ञान येते, पण त्याची किंमत कोण ठरवणार हे आधीच स्पष्ट असले पाहिजे, असे माझे मत या प्रकरणावरून बनले आहे.

वाळूजमध्ये वेगळेच घडले. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, जपानच्या कावासाकीशी कंपनीचे तांत्रिक सहकार्य होते आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची साखळी आसपास वाढत गेली. १९९१ च्या धोरणाने लघुउद्योगात इतर औद्योगिक उपक्रमांना, परदेशी धरून, २४ टक्क्यांपर्यंत भागभांडवल घेण्याची मुभा दिली. तरी प्रेस शॉप किंवा लेथवर जॉबवर्क (दुसऱ्याच्या ऑर्डरीवर ठरावीक काम) करणाऱ्या बहुतेक शेडपर्यंत, म्हणजे लहान कारखान्यांपर्यंत, बाहेरचे भांडवल पोहोचले ते ऑर्डरच्या रूपानेच. जर्मनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन टूल रूमचे मोल म्हणूनच फार मोठे आहे, कारण ज्याला स्वतःची टूल रूम परवडत नाही त्याला डाय व मोल्ड (सुटे भाग घडवण्याचे साचे) येथून करून मिळतात आणि प्रशिक्षित कारागीरही मिळतात.

मोठा कारखाना आला म्हणजे शेजारच्या शेडला काम मिळतेच असे नाही. याच परिसरातील शेंद्र्यात २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कोडाच्या प्रकल्पात गाड्या मुख्यतः आयात केलेल्या संचांतून जोडल्या जात होत्या, त्यामुळे स्थानिक पुरवठादाराला त्यात वाव कमी होता. ज्यांना काम मिळते त्यांची खरी अडचण वसुलीची असते. माल गेल्यानंतर बिलाचे पैसे तीन-तीन महिने आले नाहीत, तर कच्चा माल आणि पगार कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या कर्जावर) भागवावे लागतात आणि नफा व्याजात जातो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने बिल देण्यासाठी ४५ दिवसांची कमाल मुदत आणि विलंबाबद्दल बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठरवून दिले, परंतु एकाच मोठ्या ग्राहकावर अवलंबून असलेला उद्योजक त्याच्याच विरोधात तक्रार कशी करणार?

आता ऑरिक या शेंद्रा-बिडकीन भागातील नव्या औद्योगिक नगरीत दक्षिण कोरियाची ह्योसंग कंपनी आहे, शेंद्र्यात पर्किन्सचा इंजिन कारखाना आहे आणि लातूरच्या रेल्वे डबे कारखान्यात रशियन सहभागातून वंदे भारत गाड्या बनवण्याचे काम ठरले आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरसाठी सुमारे २०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. या कंपनीचे पुरवठादार कर्नाटकात बिडदीभोवती आधीच स्थिरावले आहेत. त्यामुळे कोणते भाग येथून घ्यायचे, त्यासाठी कोणत्या दर्जाची प्रमाणपत्रे लागतील आणि ती मिळवण्यासाठी वाळूज-चिकलठाण्याच्या शेडना किती अवधी मिळेल, याची बोलणी उत्पादन सुरू होण्याची वाट न पाहता आताच व्हायला हवीत.