स्नायूची लांबी आणि बल

कंकाल स्नायू (हाडांना जोडलेला) किती बल निर्माण करतो हे आकुंचनाच्या वेळी त्याची लांबी किती आहे यावर ठरते. याला लांबी–ताण संबंध म्हणतात. मधल्या लांबीवर बल सर्वाधिक असते. स्नायू त्याहून फार आखडलेला किंवा फार ताणलेला असला की ते घटते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात माग्नस ब्लिक्स या स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास केला.

कारण स्नायुतंतूतील सार्कोमिअर या सूक्ष्म खंडात आहे. त्यात मायोसिनचे जाड तंतू आणि अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू एकमेकांत सरकतात (सरकत्या तंतूंचा सिद्धांत, १९५४). मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, म्हणून दोन्ही तंतू जितके एकमेकांवर येतील तितके बल.

बेडकाच्या एकट्या स्नायुतंतूवर गॉर्डन, हक्सली व ज्युलियन यांनी १९६६ मध्ये जो आलेख दिला तो आजही प्रमाण मानला जातो. सार्कोमिअरच्या २.० ते २.२५ मायक्रोमीटर लांबीवर बल कमाल व स्थिर राहते, कारण जाड तंतूच्या मधल्या पट्ट्यात डोकी नसतात, त्यामुळे तिथे बारीक तंतू सरकले तरी बल वाढत नाही. पुढे ते सरळ रेषेत उतरून ३.६५ वर शून्य होते. ही लांबी म्हणजे जाड तंतूची १.६ आणि बारीक तंतूंच्या जोडीची २.०५ यांची बेरीज. आखूड बाजूला १.६७ पर्यंत घट मंद, नंतर तीव्र, १.२७ च्या सुमारास बल संपते.

उतरत्या बाजूवर मात्र वाद झाला. रॅम्झी व स्ट्रीट यांच्या १९४० च्या मोजणीत स्नायुतंतू खूप ताणल्यावरही बल उरत होते. याचे अधिक पटणारे स्पष्टीकरण असे, की स्नायुतंतूच्या टोकांकडील सार्कोमिअर कमी ताणले जातात. मोजले जाणारे बल त्यांचे असते. १९६६ च्या प्रयोगात स्नायुतंतूच्या मधल्या भागाचीच लांबी स्थिर ठेवली गेली, म्हणून त्या मोजणीवर अधिक भिस्त ठेवावी. तरीही आकुंचन चालू असताना ताणलेला स्नायू त्याच लांबीवर अपेक्षेहून जास्त बल टिकवतो (अ‍ॅबट व ओबेर, १९५२). त्याचे श्रेय टायटिन प्रथिनाला द्यावे की असमान सार्कोमिअरना, यावर मतभेद आहेत.

मोजताना उद्दीपन न देता ताणलेल्या स्नायूचे निष्क्रिय बल आधी नोंदवून ते एकूण बलातून वजा करावे लागते. ते राहून गेले तर लांब बाजूचा आलेख खोटा उंचावतो. उद्दीपनांत पुरेसे अंतर नसेल तर थकवा लांबीचा परिणाम म्हणून नोंदला जातो.

बेडकाचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. माणसाचे बारीक तंतू लांब असल्याने कमाल बल सुमारे २.६४ ते २.८१ मायक्रोमीटरवर येते.

विदर्भात सोयाबीनच्या सोंगणीत हा संबंध हातात जाणवतो. बोटे मिटवणारे स्नायू कोपराजवळून निघून मनगट ओलांडतात. मनगट तळव्याकडे वाकले की ते आखडतात, आणि बोटे उघडणारे स्नायू मागून ताणले जातात. विळ्यावरची पकड ढिली पडते. मनगट पाठीकडे २० ते ३५ अंश उचललेले असता पकड घट्ट बसते. फार बारीक मुठीवर बोटे अति मिटतात, म्हणून तिच्यावर चिंधी गुंडाळणे उपयोगी ठरते. विहिरीतून बादली ओढताना कोपर साधारण काटकोनात असता जोर चांगला लागतो. मात्र तिथे स्नायूची लांबी आणि सांध्यावरील तरफ या दोहोंचा वाटा असतो, तो एकट्या लांबीचा मानू नये.

स्नायू बराच काळ एकाच लांबीवर बांधला गेला तर हा आलेखच सरकतो. मांजरीचा पोटरीचा स्नायू आखूड स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला असता सार्कोमिअरची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली, ताणून ठेवला असता सुमारे २० टक्क्यांनी वाढली. प्लास्टरमध्ये वा बांबूच्या कामट्यांत पाय बांधताना पाऊल खाली लोंबते राहिले तर पोटरी त्याच आखूड लांबीला जुळवून घेते. नंतर टाच टेकत नाही, उकिडवे बसून निंदण करता येत नाही. हाडाची स्थिती आड येत नसेल तर पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून बांधतात.