तेलबियांच्या तेलांची रासायनिक घडण

शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, खोबरं, कुठलंही तेल घ्या, त्याचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग ट्रायग्लिसराइडचाच असतो, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला चिकटलेली तीन फॅटी अ‍ॅसिड. मग एक तेल थंडीत गोठतं आणि दुसरं हवेत वाळून कडक होतं हे कसं? तर ही तीन अ‍ॅसिड कुठली, सगळं त्यावर ठरतं.

फॅटी अ‍ॅसिड म्हणजे कार्बनची लांब साखळी. साखळीत डबल बाँड, म्हणजे दोन कार्बनमधले दुहेरी जोड, नसले (सॅच्युरेटेड) तर ती सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट चिकटून बसते आणि तेल लवकर गोठतं, डबल बाँड असला की तिथे साखळी वाकते आणि तेल पातळ राहतं. खोबरेल जवळजवळ ९० टक्के सॅच्युरेटेड, त्यात निम्मं १२ कार्बनचं लॉरिक अ‍ॅसिड, म्हणून २४ अंशांच्या खाली बाटलीत पांढरा गोळा होतो, त्यात भेसळ काही नसते. कोकमाच्या बियांचं तेल, गोव्यातलं भिरंडेल, त्यात निम्म्याहून जास्त १८ कार्बनचं स्टिअरिक, साखळी लांब, त्यामुळे ते ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि भेगा पडलेल्या टाचांना लावायला वडीसारखं घट्ट मिळतं.

जवस अगदी उलट टोकाला. अर्ध्याच्या आसपास अल्फा लिनोलेनिक, म्हणजे एका साखळीत ३ डबल बाँड, आणि हवेतला ऑक्सिजन नेमका तिथेच येऊन भिडतो. पातळ थर दिला की साखळ्या एकमेकींत गुंतून कडक पापुद्रा होतो, ऑइल पेंट वाळतो तो असाच. खायचं जवस तेल म्हणूनच थोडंच आणावं, गार आणि अंधारात ठेवावं, त्यात तळू तर अजिबात नये.

करडईची गंमत वेगळी आहे. नेहमीच्या करडईच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर लिनोलेइक (२ डबल बाँड), पण हाय ओलेइक जातींमध्ये तेवढंच ओलेइक (१ डबल बाँड), फरक एका जनुकाचा, आणि हे हाय ओलेइक तेल तापवल्यावर जास्त टिकतं. म्हणजे नुसतं ‘करडई तेल’ म्हटल्याने आत काय आहे ते कळत नाही, लेबल वाचायलाच हवं.

तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक साधारण सारखंच, ४०-४० टक्के, तरी ते लवकर खवट होत नाही कारण त्यातली सेसमोलसारखी द्रव्यं ऑक्सिजनला अडवतात. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास, रंग, तळाचा गाळ हे सगळं ट्रायग्लिसराइड सोडून उरलेल्या थोड्याशा भागात, रिफाइन करताना तो बराचसा निघून जातो.