ड्रायव्हरचा स्क्रू, दांडा आणि चेंडूची वाट

गोल्फमध्ये चेंडू सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी, तो ड्रायव्हर. तो उलटा धरला की हेडच्या, म्हणजे त्याच्या जाड डोक्याच्या, तळाला, टाचेच्या (दांड्याजवळच्या) बाजूला, एक स्क्रू दिसतो. सोबत मिळालेल्या पान्यानं तो सैल करायचा, शाफ्ट, म्हणजे दांडा, उपसायचा, त्याच्या टोकाची बाही (हेडच्या मानेत बसणारी नळी) एक घर फिरवून परत बसवायची आणि पाना 'टक्' वाजेपर्यंत स्क्रू आवळायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. एवढ्यानं उजवीकडे पळणारा चेंडू सरळ जायला लागतो का, यावर क्लबात चहा संपतो, वाद संपत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: फरक पडतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही, आणि शाफ्टपेक्षा हेडमध्ये केलेल्या बदलाचा जास्त पडतो. हा वाद इतका चिवट का झाला, ते कळायला मात्र सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

चेंडू हवेत असा का जातो, याचा नीट छडा लावायला घेतला तो एडिंबरा विद्यापीठातल्या पीटर गथ्री टेट यांनी, 1890 च्या दशकात. प्राध्यापक भौतिकशास्त्राचे, वेड गोल्फचं. मुलगा फ्रेडी तर 1896 आणि 1898 साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला. टेट यांनी चेंडूला लांब फीत बांधून तो मारायला लावला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. तोवर चेंडू फिरणं म्हणजे फटक्यातला दोष, अशी समजूत होती. टेट यांनी दाखवलं की उलटी फिरकीच चेंडूला हवेत उचलून धरते. क्रिकेट पाहणाऱ्याला हे चटकन कळेल: टॉपस्पिन दिलेला चेंडू झपकन खाली येतो, त्याच्या बरोबर उलट. म्हणजे चेंडूच्या वाटेचे मालक मोजकेच: सुटतानाचा वेग, सुटण्याचा कोन आणि फिरकी. स्क्रू असो की शाफ्ट, यातल्या एकाला तरी हलवल्याशिवाय वाट बदलत नाही.

त्या काळी दांडे हिकरीचे, म्हणजे अक्रोडाच्या कुळातल्या अमेरिकन झाडाचे. हेडसाठी पुढे पर्सिमनचं लाकूड रूढ झालं. हे झाड आपल्या टेंभुर्णीचं चुलत भावंड. एकानं विडीला पानं दिली, दुसऱ्यानं ड्रायव्हरला डोकं. हिकरी नुसती वाकत नाही, पिळतेसुद्धा. ताकदीनं हाणलं की हेड मागे रेंगाळतं, तोंड (हेडची चेंडूवर आदळणारी बाजू) उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहतं आणि चेंडू उजवीकडे जातो. म्हणून जुने खेळाडू लय सांभाळून मारत. तेव्हा दांडा खरोखरच चेंडूची दिशा ठरवत होता. 'सगळं शाफ्टमध्ये आहे' हे आजचं ठाम वाक्य त्याच काळाची शिल्लक असावी, असं मला वाटतं.

पोलादानं हा पीळ जवळजवळ घालवला. अमेरिकेत गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए या संस्थेनं 1924 मध्ये स्टील शाफ्टला परवानगी दिली. तेच काम करणारी स्कॉटलंडची आर अँड ए अडून बसली होती. प्रिन्स ऑफ वेल्स स्टीलचे क्लब घेऊन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर उतरले आणि 1929 मध्ये तिथलंही दार उघडलं. 1931 ची यूएस ओपन बिली बर्कनं स्टीलवर जिंकली. पुढे 1969 मध्ये शेक्सपिअर कंपनीत फ्रँक थॉमस यांनी ग्राफाइटचा शाफ्ट घडवला. वजनाला हलका, पण सुरुवातीचे शाफ्ट इतके पिळायचे की हिकरीचीच तक्रार नव्या रूपात परत आली. टायगर वुड्स 2000 साली, ऐन भरात असताना, ड्रायव्हरला स्टीलच वापरत होता.

शाफ्टबद्दलच्या श्रद्धेला पहिला मोठा धक्का 1968 मध्ये बसला. गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटननं शास्त्रज्ञांचा एक गट कामाला लावला होता. त्यांनी एक गमतीदार क्लब बनवला: हेडच्या जरा वर, शाफ्टमध्ये चक्क बिजागरी. तरीही फटके जवळजवळ नेहमीसारखेच गेले. कारण चेंडू आणि तोंड एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्यात शाफ्टला काही करायला सवडच नसते. दोरीला बांधलेला दगड चेंडूवर आदळावा, तसं ते हेड आदळतं.

मग शाफ्टचं काम काय? ते सगळं आदळण्याआधीचं. हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेच्या मागे असल्यामुळे खाली येताना शाफ्ट पुढे झुकतो आणि तोंड थोडं वर बघू लागतं, थोडं बंदही होतं. मऊ शाफ्ट जास्त झुकतो, कडक कमी. सॅशो मॅकेन्झी आणि एरिक स्प्रिगिंग्स या कॅनडातल्या अभ्यासकांनी 2009 मध्ये संगणकावर हे तपासलं, तेव्हा कडकपणा बदलून हेडचा वेग फारसा वाढला नाही, तोंडाचा कोन मात्र बदलला. म्हणजे 'नव्या शाफ्टनं वीस यार्ड वाढले' असं कुणी सांगितलं, तर ते वेगामुळे नसून बहुधा चेंडू आता तोंडाच्या मध्यावर लागतोय म्हणून. वजन आणि लांबी बदलली की माणसाची लय बदलते, आणि ती क्लब तपासणाऱ्या यंत्रमानवावर दिसत नाही. शिवाय कडकपणा सांगणाऱ्या शाफ्टवरच्या 'आर' (साधा) आणि 'एस' (कडक) या अक्षरांना कुठलंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'इतका कडक निघू शकतो. इतकी वर्षं लोक अक्षराला पैसे मोजत आले, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

हेडची गोष्ट वेगळी. 1979 मध्ये गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड काढून धातूचा 'वूड' (ड्रायव्हरसारखा, एरवी लाकडी हेडचा क्लब) बाजारात आणला, 1991 मध्ये कॅलवेची बिग बर्था आली, मग टायटेनियम. हेड फुगत गेलं, ते शेवटी नियमानं 460 घनसेंटिमीटरवर थांबवलं. पोकळ, मोठ्या हेडमध्ये वजन इकडून तिकडे न्यायला जागा झाली. 2004 चा टेलरमेड आर7 क्वाड चार सुट्या वजनांसह आला तो त्या जागेच्या जोरावर. हिशेब सोपा आहे: 200 ग्रॅमच्या हेडमध्ये 15 ग्रॅम वजन 60 मिलिमीटर सरकवलं, तर गुरुत्वमध्य साडेचार मिलिमीटर सरकतो. तो टाचेकडे गेला की मधोमध लागलेला चेंडूसुद्धा हेडच्या दृष्टीनं टोकाकडे लागल्यासारखा होतो. हेड किंचित उघडतं, आणि दातेरी चाकाला चाक भिडावं तशी चेंडूला हेडच्या उलट दिशेची आडवी फिरकी मिळते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे वळतो.

स्क्रूवाली बाही आली ती नियम बदलल्यामुळे. 2008 च्या आधी वूडमध्ये वजनाखेरीज काहीही बदलता येईल अशी सोय बेकायदा होती. मुभा मिळताच 2009 मध्ये टेलरमेडचा आर9 आणि नाइकीचा स्ट्रेट-फिट ड्रायव्हर दुकानात हजर. (फेरी चालू असताना मात्र पाना बॅगेतच, सेटिंग बदलून फटका मारला तर खेळाडू बाद.) या बाहीविषयी जो घोळ होतो तो असा: तोंडाचा हेडमधला कोन ती बदलतच नाही, शाफ्ट हेडमध्ये कसा शिरतो ते बदलते. लॉफ्ट, म्हणजे तोंड वर किती झुकलंय तो कोन, दोन अंशांनी 'वाढवला' की क्लब जमिनीवर टेकवल्यावर तोंड बंद दिसतं. हातानं ते सरळ केलं, तर लॉफ्ट खरोखर वाढतो, चेंडू उंच जातो आणि कमी वळतो. सरळ न करता मारलं, तर लॉफ्ट राहतो बाजूला, चेंडू डावीकडे सुटतो. एकच सेटिंग, दोन माणसं, दोन वाटा. वादाचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

हे सगळं मोजता यायला लागलं ते 2003 मध्ये सुरू झालेल्या डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनच्या रडारमुळे. तोवर शिकवलं जायचं की चेंडू स्विंगच्या दिशेनं सुटतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. रडारनं ते उलटं ठरवलं: ड्रायव्हरचा चेंडू साधारण 85 टक्के तोंड बघेल तिकडेच सुटतो. तोंड एक अंश चुकलं, तर 230 यार्डांवर नुसत्या सुरुवातीच्या दिशेनंच साधारण साडेतीन यार्डांचा फरक, वळण वेगळं. बाहीवरचं एक घर बहुधा एका अंशाच्या आसपासच असतं. आणि हौशी खेळाडूचं तोंड दोन फटक्यांत कितीतरी अंश इकडेतिकडे होतं.

म्हणून जाणता फिटर, म्हणजे खेळाडूला क्लब जुळवून देणारा, पाना काढण्याआधी तोंडावर पायाच्या पावडरचा फवारा मारतो. दहा चेंडू मारून झाले की पांढऱ्या थरावर दहा गोल ठसे उमटतात. ते एका जागी असतील, तरच तो स्क्रूला हात लावतो.